कमरेचं रिव्हॉल्व्हर आणि नियम तीन

मार्गासनीच्या फाट्यावर चहा पीत होते. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणारा रस्ता, इथूनच साखर-गुंजवण्याकडे राजगडाच्या पायथ्याला वळता येतं. शनिवार-रविवार पुण्याच्या गाड्यांची रांग आणि दोन्ही बाजूंना प्लॉटच्या जाहिरातींचे फलक. एक ओळखीचा पोरगा जवळ आला, "जय भीम ताई" म्हणाला आणि मोबाईल पुढं केला. पडद्यावर दोन रिव्हॉल्व्हर.

"यातलं कुठलं घेऊ? बारकं पाहिजे. शर्टाखाली दिसलं नाही पाहिजे."

पोरगा सव्वीस वर्षांचा. शिरवळच्या एका कंपनीत कंत्राटी कामाला, रात्रपाळी करून गाडीवर घरी येणारा. त्यांच्या वतनाच्या जमिनीचा एक तुकडा कुणाच्या तरी फार्महाऊसच्या वाटेत येतो. घरचे विकायला तयार नाहीत. दोनदा रात्री रस्त्यात गाडी आडवी घालून त्याला समजावून सांगण्यात आलं, एकदा जातीचा उद्धार करून. तो तक्रार द्यायला गेला, तर अदखलपात्र नोंद करून कागद हातात दिला. गाव सांगत नाही, ठाणंही सांगत नाही. असे कागद महाराष्ट्रात कुठंही मिळतात.

मी त्याला लगेच नको म्हणाले नाही. आपल्या चळवळीत हा प्रश्न आला की दोन तयार उत्तरं मिळतात. एक म्हणतं, आपण बुद्धाची लेकरं, शस्त्र कसलं घेता? दुसरं म्हणतं, भीमा कोरेगावचे वारसदार आपण, एक घाल कमरेला! दोन्ही उत्तरं देणाऱ्याला रात्री दहानंतर त्या रस्त्यानं एकट्यानं जायचं नसतं.

पहिल्या उत्तराचं आधी बघू. 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये बाबासाहेबांनी गरजेपोटी मारणं आणि मारायच्या इच्छेपोटी मारणं यात स्पष्ट फरक केला आहे. स्वसंरक्षणाचा हक्क आधी भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेत आहे. तेव्हा मार खाऊन पंचशील म्हणा, हा सल्ला मी कुणाला देणार नाही.

पण वस्तूचं बोलायचं तर वस्तूचंच बोलू. सामान्य माणसाला परवान्यावर मिळतं ते बत्तीस बोअरचं. अडतीसचं रिव्हॉल्व्हर किंवा नऊ मिलिमीटरचं पिस्तूल 'प्रतिबंधित बोअर'मध्ये मोडतं, ते आपल्यासाठी नाही. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्यानं 'निर्भीक' नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. वजन अर्धा किलोच्या आसपास, सहा गोळ्या, किंमत तेव्हाच एक लाख बावीस हजारांच्या घरात. नाव दिल्लीच्या निर्भयावरून आणि विक्री दागिन्यासारख्या पेटीत घालून! बलात्कार थांबवता न आलेल्या सरकारनं बाईलाच सव्वा लाखाला संरक्षण विकलं. ज्या बायांवर आमच्याकडं सर्रास अत्याचार होतात त्या भातलावणीला रोजानं जाणाऱ्या. त्यांनी हे पदरात बांधायचं की विळ्याबरोबर कमरेला खोचायचं? २०२३ ला त्याच कानपूरहून 'प्रबळ' आलं, सातशे ग्रॅमचं, पन्नास मीटरपर्यंत मारा करतं म्हणे. पोराच्या मोबाईलवर होती ती हीच दोन.

त्याला मी विचारलं, गाडी चालवताना दोन्ही हात कुठं असतात? हँडलवर. समोरून गाडी आडवी आली, चौघं उतरले, तर शर्ट वर करून, बटण उघडून, हातात घेऊन नेम धरेपर्यंत ते थांबणार आहेत का? पन्नास मीटर विसर, तिथं अंतर चार फुटांचं असतं. लपवलेलं हत्यार घाबरवत नाही, कारण ते दिसत नाही. दाखवलेलं हत्यार हिसकावलं जातं. आणि दाखवून फिरलं तर परवाना देणाराच आधी आपल्याला बोलावतो.

परवान्याच्या अटी तर कुणी वाचतच नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची खास परवानगी नसेल तर परवान्याचं शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, जाहीर जमावात नेता येत नाही. शाळा-कॉलेजच्या आवारात तर नाहीच. आता आपल्या माणसांवर हल्ले कुठं होतात ते आठवा. जत्रेत मानपानावरून, जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवरून. खर्ड्याच्या नितीन आगेला २८ एप्रिल २०१४ ला शाळेतून ओढत नेलं. तो सतरा वर्षांचा, शस्त्र परवान्याला वय लागतं एकवीस. पुढं साक्षीदार फुटले आणि २०१७ ला आरोपी निर्दोष सुटले. त्या न्यायालयात नितीनच्या बापाला रिव्हॉल्व्हर काय कामाला आलं असतं?

"आणि खैरलांजी?" पोरानं विचारलं. "सुरेखाताईकडं बंदूक असती तर?"

हा प्रश्न मी टाळत नाही. कदाचित दोघं-तिघं मागं हटले असते. कदाचित प्रियंका पळाली असती. हे 'कदाचित' मला पुसता येत नाही आणि ज्यांना ते सहज पुसता येतं त्यांच्याबद्दल मला शंका वाटते. पण २९ सप्टेंबर २००६ ची संध्याकाळ त्या संध्याकाळी सुरू झाली नव्हती. ३ सप्टेंबरला सिद्धार्थ गजभियेंना मारहाण झाली होती. सुरेखा भोतमांगेंनी साक्ष दिली, नावं सांगितली. आरोपी त्याच २९ तारखेला जामिनावर सुटले आणि जमाव तिच्या घरावर आला. मधले सव्वीस दिवस सरकारकडं होते. साक्ष देणारी बाई कोण, तिचं घर कुठं, कुणापासून धोका, सगळं कागदावर होतं. या सव्वीस दिवसांत काय करायचं हे सांगणारा कायदाही त्याआधी अकरा वर्षांपासून होता.

अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. त्यातला नियम तीन काढून वाचा, पान दीड पान आहे. अत्याचार होण्याआधी राज्य सरकारनं काय करायचं ते त्यात क्रमानं दिलंय. अत्याचाराची शक्यता असलेला भाग निश्चित करायचा, तिथल्या बंदोबस्ताचा आढावा घ्यायचा. मग तिसरं. गरज वाटल्यास तिथल्या अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्र परवाने रद्द करायचे. त्यांचेच नव्हे, त्यांचे जवळचे नातेवाईक, नोकरचाकर, कुटुंबाचे मित्र यांचेसुद्धा, आणि ती शस्त्रं सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यायची. चौथं, बेकायदा शस्त्रं जप्त करायची. पाचवं, गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यायचे.

आमच्या पोरांच्या व्हॉट्सॲपवर फिरतो तो फक्त पाचवा पोटनियम. "आपल्याला कायद्यानं बंदूक मिळते" असं ठळक अक्षरांत. हाथरसनंतर २०२० मध्ये चंद्रशेखर आझादांनी बहुजनांना परवाने द्या म्हणून मागणी केली तेव्हाही टाळ्या पडल्या त्या याच मुद्द्यावर. पण कायदा लिहिणाऱ्यानं आधी समोरच्याचं हत्यार काढून घ्यायला सांगितलंय, आपल्याला द्यायला नंतर. हा क्रम उगाच आलाय का? आणि तीस वर्षांत तिसऱ्या पोटनियमासाठी मोर्चा निघाल्याचं तुम्ही पाहिलंय का? मी नाही पाहिलं.

मोर्चा निघत नाही, कारण त्यांच्या कमरेचं हत्यार आपल्याला निसर्गासारखं वाटायला लागलंय. पाटलाकडं असणारच. प्लॉटिंगवाल्याकडं असणारच. माझा विषय समाजशास्त्र, त्यातलं एक साधं वाक्य सांगते: गावात शस्त्र गोळी झाडण्यासाठी कमी आणि कोण कोण आहे हे सांगण्यासाठी जास्त वापरलं जातं. मूठ शर्टाबाहेर ठेवून बसलेला माणूस ग्रामसभेत न बोलताही बोलत असतो.

लांब कशाला, आमच्या शेजारचा मुळशी तालुका घ्या. धडवली गावात जमिनीच्या वादात हातात पिस्तूल घेऊन शेतकऱ्यांवर आवाज चढवणाऱ्या बाईंची चित्रफीत जुलै २०२४ मध्ये सगळ्या देशानं पाहिली. तेव्हा प्रशिक्षणार्थी आयएएस असलेल्या पूजा खेडकर यांच्या आई मनोरमा खेडकर. घटना २०२३ ची. पुढं गुन्हा, अटक, जामीन झाला. खटल्याचं न्यायालय बघेल. माझा प्रश्न मधल्या वर्षाचा आहे. मुलीचं प्रकरण गाजलं नसतं तर ती चित्रफीत कुणी पाहिली असती का? बीडमध्येही तेच. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला, तेव्हा कुठं एका जिल्ह्यात बाराशेहून जास्त शस्त्र परवाने आहेत याची चर्चा झाली आणि मग परवाने रद्द करायला सुरुवात झाली. म्हणजे रद्द करता येतात! सरकारला हात आहेत, ते आपल्यासाठी हलत नाहीत एवढंच.

आता भीमा कोरेगाववाल्यांना. शस्त्र आपल्या हाताला नवीन नाही हे मलाही माहीत आहे. १८१८ चे शिपाई आपले, १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती इंग्रजांनी बंद केली तेव्हा अर्ज-विनंत्या करणारे आपले, १९४१ ला उभी राहिलेली महार रेजिमेंट आपली. पण ते सगळे लढले किंवा भांडले ते पलटणीत जाण्यासाठी, गणवेशासाठी, पगार-पेन्शनसाठी. राज्याचं शस्त्र हातात यावं म्हणून. खाजगी पिस्तुलासाठी नाही.

आमच्या भोरवरून वरंधा घाट उतरला की महाड. २० मार्च १९२७ ला तळ्याचं पाणी प्यायल्यावर परतणाऱ्या आपल्या माणसांवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. परिषदेला आलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले कित्येक होते, बाबासाहेबांनी शब्द टाकला असता तर महाडचं चित्र वेगळं झालं असतं. त्यांनी माणसं आवरली, जखमींची सोय केली, गुन्हे दाखल करायला लावले आणि काही हल्लेखोरांना शिक्षा झाली. याला भित्रेपणा म्हणणाऱ्यांनी तो डिसेंबरचा दुसरा सत्याग्रह आठवावा.

आणि डिसेंबर १९४८. संविधान सभेत ह. वि. कामतांनी सुधारणा मांडली, शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क द्या म्हणून. बाबासाहेबांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की राज्य संकटात असेल तेव्हा शस्त्र उचलणं हे नागरिकाचं कर्तव्य असू शकतं. पण हक्क म्हणून सरसकट दिला तर तो गुन्हेगारही मागेल. सुधारणा फेटाळली गेली. मला यात त्यांचं गाव ओळखणं दिसतं. हक्क सगळ्यांना मिळाला असता तर बंदूक आधी कुणाच्या वाड्यात आली असती? सव्वा लाख कुणाच्या खिशात होते?

यावर एक कार्यकर्ते मला म्हणाले, "म्हणजे ताई, त्यांचं जप्त होईपर्यंत आम्ही मरायचं का?" नाही. ज्याला खरोखर धोका आहे त्यानं पाचव्या पोटनियमाखाली अर्ज जरूर करावा. शस्त्र कायद्याच्या कलम १४ मध्ये लिहिलंय की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावर परवाना नाकारता येत नाही, तेव्हा सातबारा आणि आयकराचे कागद दाखवा म्हणणाऱ्याला ते कलम दाखवावं. पण परवाना मिळाल्यावर पुढं काय, हेही त्याला सांगा. अॅट्रॉसिटीची फिर्याद दिली की आपल्यावर दरोड्याचा उलटा गुन्हा पडतो, हे कुठल्याही वस्तीत विचारा. हातात रिव्हॉल्व्हर असेल तर तो उलटा गुन्हा खुनाच्या प्रयत्नाचा होईल, पुराव्यासकट, आणि ती पावती आपणच फाडून दिलेली असेल. शिवाय दहा बाय बाराच्या खोलीत ते ठेवायचं कुठं? ऑक्टोबर २०२४ ला अभिनेता गोविंदाच्या पायात त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी गेली, घरातच. त्याच्या घरी कपाटं तरी बरी असतील. आपल्याकडं भांड्यांच्या मांडणीवर लेकराचा हात पोचतो.

त्या दिवशी टपरीवरच आम्ही वही काढली. पहिला अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना, पोलीस अधीक्षकांना प्रत: अमुक दोन रात्री अमुक ठिकाणी अडवलं, जातिवाचक शिवीगाळ केली, गुन्हा दाखल करून घ्यावा. दुसरा नियम तीनचा: ज्यांच्यापासून धोका आहे ते आणि त्यांचे नातेवाईक, नोकर, मित्र यांच्या नावावर शस्त्र परवाने असतील तर रद्द करून शस्त्रं जमा करावीत. तिसरा माहिती अधिकाराचा: भोर आणि वेल्हे तालुक्यांत, आता वेल्ह्याला राजगड म्हणायचं, एकूण किती शस्त्र परवाने आहेत, त्यातले अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांकडं किती, आणि १९९५ पासून नियम तीनखाली किती रद्द केले. नावं मागितली नाहीत, फक्त आकडे.

दुसऱ्या अर्जातली "नोकर, मित्र" ही ओळ लिहिताना पोराचा हात थांबला. "हे लिहिलं तर अर्धं गाव येईल यात ताई."

"कायद्यात आहे ते लिही."

त्यानं लिहिलं. मग विचारलं, "आणि माझ्या परवान्याचं?"

"तो चौथा. वेगळ्या कागदावर लिही, तुला वाटत असेल तर."

तो थोडा वेळ मोबाईलकडं बघत बसला आणि म्हणाला, आधी हे तीन टाकू. दुसऱ्या दिवशी रात्रपाळी करून तो सरळ पुण्याला गेला, तिन्ही अर्जांवर आवक शिक्का घेऊन आला. जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावी लागते. मागची कधी झाली आणि तिच्यात नियम तीनचा विषय होता का, हे विचारणारा अर्ज मी माझ्या नावानं टाकलाय.