प्रिंटचे पैसे कोणी द्यायचे?

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की शाळेच्या प्रिंटरभोवती मुलांची गर्दी होते. कोणाला सराव प्रश्नपत्रिका हवी असते, कोणाला शिष्यवृत्तीच्या अर्जाची प्रत, तर कोणाला प्रकल्पासाठी नकाशा. पूर्वी शाळेच्या ग्रंथालयाचे काम पुस्तक देणे आणि परत घेणे एवढेच होते. आता त्यात छपाईची भर पडली आहे, आणि छपाईला पैसा लागतो. तो कोणी द्यायचा, हा प्रश्न दिसायला एक-दोन रुपयांचा आहे. परंतु मोलमजुरीवर चालणाऱ्या घरात त्याच एक-दोन रुपयांपायी मुलाचा अभ्यास अडतो, म्हणून आजचे सदर आम्ही या विषयासाठी राखले आहे.

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव २०२३ साली मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे देशभर माहीत झाले. जुन्या दप्तरातील एका नोंदीवर मुलाचा दाखला कसा अवलंबून असतो, हे त्या काळात सर्वांनी पाहिले. जात कोणतीही असो, कागद हाती असल्याशिवाय विद्यार्थ्याचे पाऊल पुढे पडत नाही.

"मोबाईलवर आहे ना, त्यावरच वाच," असे सांगणे सोपे आहे. पण घरात मोबाईल एकच, आणि तो वडिलांसोबत जालन्याच्या स्टील कारखान्यावर गेलेला. रात्री तो घरी येतो तेव्हा लहान भावंडांचीही त्यावर झडप असते. आईवडील ऊसतोडीला गेले, तर मोबाईलही त्यांच्याबरोबर फडावर जातो. अशा घरातील मुलीला प्रश्नपत्रिकेची चार छापील पाने मिळाली, तर ती दिव्याखाली बसून सोडवू शकते. ती पाने मागायला लाज वाटली, तर ती गप्प बसते. आपल्याला सोडवायचा प्रश्न या गप्प बसणाऱ्या मुलीचा आहे.

प्रथम नियम पाहू. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार ६ ते १४ वयाच्या बालकाचे प्राथमिक शिक्षण ज्यामुळे अडेल, असे कोणतेही शुल्क वा खर्च त्याच्यावर लादता येत नाही. म्हणजे सरकारी शाळेत आठवीपर्यंतच्या मुलांना अभ्यासासाठी शाळेनेच काढायला सांगितलेल्या प्रिंटचे पैसे मागणे योग्य नाही. दहावी-बारावीचे प्रवेशपत्र, म्हणजे हॉलतिकीट, शाळेने ऑनलाइन घेऊन छापून द्यायचे असते. त्यासाठी विद्यार्थ्यांकडून वेगळे शुल्क घेऊ नये, अशी राज्य मंडळाची सूचना आहे. ते हरवल्यास शाळेने पुन्हा प्रिंट काढून त्यावर लाल शाईने 'द्वितीय प्रत' असा शेरा द्यायचा असतो. पालकांनी एवढे दोन नियम तरी पाठ ठेवावेत.

आता हिशेब. आम्ही कारकुनी करणारी माणसे. आकडा कागदावर मांडल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. कागदाच्या एका रीममध्ये ५०० पाने असतात. समजा रीम ३०० रुपयांस पडली, तर कागद ६० पैसे. टोनर ७०० रुपयांचा आणि त्यात १,४०० पाने निघाली, तर टोनर ५० पैसे. दुरुस्तीसाठी २० पैसे बाजूला ठेवले, की एकतर्फी पान १ रुपया ३० पैशांस पडते. तेच कागदाच्या दोन्ही बाजूंनी छापले, तर कागदाचा खर्च निम्मा होऊन पान १ रुपयास बसते. भाव गावोगावी वेगळे असतील, रीत मात्र हीच.

यात दोन ठिकाणी गळती असते. पहिली टोनरची. डब्यावर लिहिलेली पानांची संख्या साधारण पाच टक्के शाई लागणाऱ्या मजकुराच्या पानावर ठरवलेली असते. मुलाने पानभर फोटो छापला, तर तेवढ्यात मजकुराची कितीतरी पाने निघाली असती. दुसरी गळती चुकलेल्या पानांची. शंभर पानांतली दहा वाया गेली, तर १ रुपया ३० पैशांचे पान प्रत्यक्षात सुमारे १ रुपया ४४ पैशांस पडते. म्हणून छापण्याआधी पडद्यावर पान पाहून घेणे, एकच पान लागत असेल तर एकच छापणे, आणि एका बाजूने कोरे राहिलेले कागद कच्च्या कामाला वापरणे, या सवयी मुलांना लावाव्यात. प्रिंटरजवळ एक वही ठेवावी. तारीख, इयत्ता, पानांची संख्या आणि कशासाठी, एवढे चार रकाने पुरेत. महिनाअखेरीस बेरीज केली की पैसा कोठे जातो ते आपोआप दिसते.

खर्च वाढला की बऱ्याच ठिकाणी एक उपाय सुचवला जातो: सर्वांना पैसे लावा, आणि जो गरीब असेल त्याने सरांना सांगावे, त्याला माफ करू. हेतू चांगला आहे, पण रीत वाईट आहे. आमच्या वडिलांच्या पिढीला 'नादारी' हा शब्द चांगला ठाऊक आहे. फी माफ व्हावी म्हणून नादारीचा अर्ज करायचा आणि भर वर्गात नादार म्हणून ओळखले जायचे. फी वाचे, पण मान खाली जाई. दोन रुपयांच्या कागदासाठी आज पुन्हा मुलाला तेथेच उभे करायचे काय?

याला सरळ मार्ग आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला, तो कोणाचाही असो, वर्षाला ठरावीक पाने मोफत द्यावीत. परदेशातील अनेक विद्यापीठांत अशीच पाने नेमून दिलेली असतात. समजा नववी-दहावीची ८० मुले आहेत आणि प्रत्येकाला ४० पाने दिली. पाने झाली ३,२००. दोन्ही बाजूंनी छापल्यास वर्षाचा खर्च ३,२०० रुपये, एकतर्फी छापल्यास ४,१६० रुपये. म्हणजे नुसत्या पाठपोट छपाईने ९६० रुपये वाचतात. ४० पानांच्या वर गेल्यास पडेल तो दर घ्यावा, आणि तो दर भिंतीवर लिहून ठेवावा. हॉलतिकीट या चाळीसात धरू नये. रंगीत चित्रे आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा शाळेच्या प्रिंटरवर नकोतच. या रीतीत कोणालाही आपले दारिद्र्य उघडे करावे लागत नाही.

काय छापावे यालाही विचार हवा. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात, म्हणून कोणी अख्खे पुस्तक छापू लागला तर ते महागात पडते. त्यापेक्षा वरच्या वर्गातल्या मुलांची जुनी पुस्तके गोळा करून पुस्तकपेढी चालवावी. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानाविरुद्ध तीन मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला होता. शिकवण्यासाठी लागणारे उतारे काढून देण्यास कायद्यात मोकळीक आहे, असे सांगून दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो फेटाळला. मात्र याचा अर्थ बाजारातले अख्खे गाइड छापून वाटावे, असा नव्हे.

राहिला प्रश्न वर्षाच्या तीन-चार हजारांचा. शाळेच्या अनुदानातून काही भाग निघू शकतो. जयंतीला आपल्या वस्त्यांत वही-पेन वाटण्याची चांगली प्रथा आहे. त्याच वर्गणीतून शाळेला चार-पाच रीम कागद दिला, तर तो सर्व समाजाच्या मुलांच्या उपयोगी पडेल. आणि दिल्यावर हिशेबाची वहीही पाहावी. दान दिले म्हणून डोळे मिटू नयेत.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असे सांगितले आहे. वरच्या वर्गांसाठी पालक-शिक्षक संघाची बैठक असते. आपल्या मायबहिणींनी एक दिवसाची मजुरी बुडेल म्हणून या बैठका टाळू नयेत. तेथे तीनच प्रश्न विचारावेत. एका पानाला खर्च किती येतो? प्रत्येक मुलाला मोफत पाने किती? आणि वही कोठे आहे? उत्तरे मिळेपर्यंत बसून राहावे.