दारातले पंचवीस डॉलर

गेल्या महिन्यात पुण्याहून मामाचा फोन आला. बोलता बोलता मी म्हणालो, "मामा, बुधवारी दुपारी फोन नको करूस. तेव्हा इथे रात्र असते आणि मी क्लबात असतो, जॅझ ऐकायला." पलीकडे क्षणभर शांतता. मग प्रश्न आला, "पीएचडी झाली, नोकरी लागली, आणि आता नाइटक्लब? बरं चाललंय ना रे तुझं?"

मामाचं चुकलं नाही. आपल्याकडे 'नाइटक्लब' म्हटलं की हेलन, सिगारेटचा धूर आणि पांढऱ्या सुटातला अजित आठवतो. इथे ऑकलंडमधली परिस्थिती फारच निराशाजनक आहे. एक बार, साठेक खुर्च्या, पिवळट दिवे, आणि समोर वाजवणाऱ्यांकडे टक लावून बसलेली माणसं. मध्येच कुणी मोठ्याने बोललं तर शेजारचा वळून बघतो. आमच्या पुण्यात गाण्याच्या बैठकीला चकलीचा आवाज झाला की बघतात, अगदी तसंच.

पण मला आज लिहायचंय ते दारावर लावलेल्या कागदाबद्दल. पुढच्या पाच-सहा आठवड्यांचे कार्यक्रम त्यावर असतात. तारीख, बँडचं नाव, आणि खाली प्रत्येक वादकाचं नाव आणि वाद्य. पियानो कोण, बास कोण, ड्रम कोण, सगळं. खाली दर: वीस-पंचवीस डॉलर. इथलं किमान वेतन ताशी तेवीस डॉलरच्या वर आहे, म्हणजे कुठल्याही कामगाराच्या साधारण एका तासाच्या मजुरीत रात्रभराचं संगीत. हे पैसे प्यायचे नाहीत. प्यायचे वेगळे. हे ऐकायचे.

आता आपल्या गावातल्या हॉटेलची जाहिरात आठवून बघा. 'शनिवारी अनलिमिटेड बुफे, लाइव्ह म्युझिक'. वाजवणारा कोण? नाव नाही. बुफेतल्या पनीरला नाव असतं, 'पनीर लबाबदार'. गिटारवाल्याला नसतं.

तर माझं म्हणणं एका वाक्यात असं: पैसे कोण देतो त्यावर काय वाजणार हे ठरतं. आणि आपण श्रोते म्हणून पैसे देत नाही, म्हणून आपल्याला जे मिळतं ते मिळतं.

जरा उलगडून सांगतो. हॉटेलवाला वादकाला पैसे देतो तेव्हा तो ते बिअर खपावी म्हणून देतो. त्यात त्याची चूक नाही, तो धंदा करतोय. पण मग वाजवायचं काय, तर जे ऐकून लोक बसून राहतील आणि आणखी एक मागवतील. ओळखीची गाणी, मधल्या आवाजात, कुणाच्या गप्पांत अडथळा न आणता. वादकाने रात्री काही नवीन शोधलंच तर मॅनेजर येऊन कानात सांगणार, "सर, ते जरा किशोरकुमार घ्या."

दारात पैसे घेतले की हा हिशोब उलटतो. साठ माणसं गुणिले पंचवीस, झाले दीड हजार डॉलर. त्यातून साउंडवाल्याचे आणि किरकोळ खर्चाचे काढा, उरलेले पाच वादकांत वाटा. श्रीमंत कोणी होत नाही. यातले बहुतेक दिवसा कुठे ना कुठे शिकवतात. पण त्या रात्री त्यांचा मालक बार नसतो, श्रोता असतो. आणि श्रोता आलेला असतो तेच ऐकायला, जे काल नव्हतं आणि उद्या नसेल.

कारण जॅझ म्हणजे तेच. बारा किंवा बत्तीस बारचं एक आवर्तन ठरलेलं असतं, सुरुवातीला मूळ चाल वाजते, मग एकेक वादक त्याच आवर्तनावर आपापलं बोलतो आणि शेवटी सगळे पुन्हा चालीवर येतात. मुखडा, मग विस्तार, मग समेवर येणं. ज्याने एकदा तरी मारवा ऐकत मांडीवर ताल धरलाय त्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

इथे कुणी तरी म्हणेलच, "ही गोऱ्यांची चैन आहे. आपला काय संबंध?"

संबंध? १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये वाजवायला आला. पाठोपाठ टेडी वेदरफर्डसारखा पियानिस्ट आला. त्यांच्याकडून ऐकून, शिकून आपली गोव्याची पोरं तयार झाली. ती स्वरलेखन वाचायला गावच्या चर्चच्या शाळेत मेस्त्रींकडे शिकून आलेलीच होती. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ ट्रम्पेट वाजवता वाजवता 'चिक चॉकलेट' झाला, त्याला लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांनी त्याला साथीला घेतलं, आणि १९५१ साली भगवानदादांचा 'अलबेला' आला. त्यात चिक आणि त्याचा बँड पडद्यावर दिसतात सुद्धा. म्हणजे दिग्दर्शक मराठी, संगीतकार मराठी, ट्रम्पेट गोव्याचं. तुमच्या आजीने चुलीपाशी गुणगुणलेलं जॅझ आहे हे, आणि तुम्ही विचारताय संबंध काय!

चिक निदान पडद्यावर तरी दिसला. बाकीच्यांचं काय? लाहोरच्या हॉटेलात बँड चालवणारे सेबॅस्टियन डिसोझा फाळणीनंतर मुंबईत आले आणि शंकर-जयकिशनच्या, ओ. पी. नय्यरच्या गाण्यांना वाद्यमेळ लिहून देऊ लागले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस प्यारेलालचे गुरू. त्यांचं नाव देशाला कळलं ते १९७७ च्या एका सिनेमात अमिताभ बच्चन अंड्यातून बाहेर आला म्हणून, आणि तेही खरा माणूस आहे हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं. शेकडो वादकांना रेकॉर्डिंगचे पैसे हातात मिळायचे, आणि विषय संपला. श्रेयनामावलीत नाव नाही, रेकॉर्डच्या वेष्टनावर नाव नाही.

इंजिनिअरिंगला असताना माझा एक गोव्याचा मित्र होता. त्याचे आजोबा मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिन वाजवायचे. त्यांच्या घरी टीव्हीवर जुनं गाणं लागलं की आजोबा अंतऱ्याआधी बोट वर करायचे, "आता... हे मी." पाच-सहा सेकंद. मग बोट खाली. आम्ही पोरं हसायचो. आज हसू येत नाही. एका माणसाची हयात त्या पाच-पाच सेकंदांत गेली आणि ती त्याचीच आहे याला साक्षीदार फक्त त्याचं बोट.

'नाव छापा' हा माझा हट्ट तिथून आलाय.

आता दुसरा आक्षेप, मामाचा. दारू. तर एक गंमत सांगतो. न्यूझीलंड काही पहिल्यापासून असं मोकळंढाकळं नव्हतं. १९१७ साली महायुद्धाचं निमित्त करून इथले पब संध्याकाळी सहाला बंद करायचा कायदा झाला, तो पन्नास वर्षं टिकला. १९४९ साली सार्वमत घेतलं तेव्हा लोकांनी भरघोस मतांनी 'सहालाच बंद करा' सांगितलं. त्याच १९४९ साली मुंबई राज्याने आपला दारूबंदी कायदा केला! इथे शेवटी ऑक्टोबर १९६७ मध्ये रात्री दहाची वेळ आली.

मग त्या पन्नास वर्षांत ऑकलंडमध्ये जॅझ कुठे वाजत होतं? डान्स हॉलमध्ये. कायद्याने दारू नाही. (कोटाच्या आतल्या खिशातली कायद्याला दिसत नसे, ते सोडा.) माउंट ईडनच्या 'क्रिस्टल पॅलेस'मध्ये एपी शालफून नावाचा बँडमास्तर १९३५ पासून वाजवत होता, आणि १९५३ साली त्याच हॉलमध्ये आपल्या लेकीबरोबर नाचताना कोसळून गेला. ते हॉल चालले ते दारात तिकीट काढणाऱ्यांवर. उलट आपल्याकडे दारूबंदी आली आणि हॉटेलांच्या बँडची कामं आटली, कित्येक वादक सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळले. कारण त्यांचा पगार श्रोत्याकडून येतच नव्हता, बाटलीतून येत होता. बाटली गेली, बँड गेला. तेव्हा मामा, दारूशिवाय जॅझ चालतं. श्रोत्याच्या पैशाशिवाय चालत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात लबाड. "आपले लोक तिकीट काढून ऐकत नाहीत हो." हे कोण म्हणतं? मराठी माणूस! ज्याच्या पणजोबांनी १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' बघायला पैसे मोजले! १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान'मध्ये एकत्र उभे राहिले तेव्हा भारी दराची तिकिटं काढून लोक गेले. भीमसेनांनी १९५३ साली सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या तिकिटांसाठी पुणेकर रांगा लावतो. तेव्हा सवय आहे, ऐपतही आहे. आपण फक्त एक वर्गवारी करून ठेवली आहे: रंगमंचावर बसला तो कलाकार, हॉटेलच्या कोपऱ्यात उभा राहिला तो नोकर. 'त्याला हॉटेल देतं ना पैसे!'

आणि मी कोणी सोवळा नाही. विद्यार्थी असताना मी इथल्या एका क्लबात मुद्दाम मध्यंतरानंतर पोचायचो, तेव्हा दारावर बहुधा कोणी नसायचं. एकदा एक बाई होत्या. मी शहाजोगपणे म्हटलं, "अर्धा कार्यक्रम झालाय, अर्धे घ्याल का?" त्या शांतपणे म्हणाल्या, "विद्यार्थी असशील तर कमी घेते. पण उशिरा आलास म्हणून कमी नाही. त्यांनी पहिला भागही वाजवलाच." गपचूप दिले. नंतर बघतो तर त्याच बाई आत जाऊन बासवर उभ्या राहिल्या. त्यानंतर मी वेळेवर जातो.

न्यूझीलंड म्हणजे स्वर्ग, असा निष्कर्ष कृपया काढू नका. इथेही जागा जातात. ऑकलंडचं 'किंग्ज आर्म्स' २०१८ मध्ये बंद झालं, जमीन फ्लॅट बांधायला विकली गेली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अशा जागा जगाव्यात म्हणून लोकांना वर्गणी काढावी लागली. पण सॅक्सोफोनवादक रॉजर मॅनिन्स आणि मंडळींनी उभा केलेला इथला 'क्रिएटिव्ह जॅझ क्लब' बघा. स्वतःची इमारत नाही. ब्रिटोमार्टच्या तळघरातून के रोडवर, एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये, बिऱ्हाड पाठीवर. युक्ती साधी: बुधवार हा बारवाल्याचा मेलेला दिवस. खुर्च्या रिकाम्याच असतात. त्या दिवशी खोली घ्यायची, दारातले पैसे वादकांचे, गल्ल्यातले बारवाल्याचे. ऑकलंडची वस्ती सतरा लाखांच्या आसपास, पुण्याच्या निम्मीही नाही. तरी साठ माणसं निघतात.

मुंबईत २००७ साली लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात 'ब्लू फ्रॉग' निघालं, तिकीट लावून मूळ संगीत ऐकवायची हिंमत त्यांनी दाखवली. २०१६ मध्ये बंद. १९७८ च्या पहिल्या 'जॅझ यात्रे'त सनी रॉलिन्ससारखा माणूस मुंबईत वाजवून गेला होता, त्या शहराची ही गत. लगेच सगळे म्हणाले, बघा, मुंबईत चालत नाही. अहो, मुंबईत चालत नाही ते मुंबईचं भाडं! गिरणीच्या जमिनीवर गिरणी चालली नाही, क्लब काय चालणार? म्हणून मी म्हणतो, मोठी जागा नकोच. साठ खुर्च्या आणि एक मेलेला मंगळवार-बुधवार. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात असं हॉटेल नाही? आणि जॅझच हवं असंही नाही. सतार असो, गिटार असो, कोणाची नवी कविता-गाणी असोत. अटी दोनच. कागदावर प्रत्येकाचं नाव, आणि दारात पैसे, पूर्ण, उशिरा आलात तरी.

हे इथल्या आपल्या लोकांनाही सांगायची वेळ आली आहे. परदेशातल्या एका मंडळाने मागे गणपतीत एका तरुण तबलजीला फुकट बोलावलं. कारण? "त्याला एक्स्पोजर मिळेल." केटररला मात्र पैसे दिले. श्रीखंडाला एक्स्पोजर पुरत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी हॉटेलात कोपऱ्यात कोणी वाजवत असेल तर एवढं करा. गाणं संपल्यावर टाळी वाजवा, उठून जाऊन नाव विचारा, आणि मॅनेजरला विचारा की याचं नाव बाहेर पाटीवर का नाही. चार जणांनी विचारलं तर पाचव्या वेळी लिहील तो.

असो. मामाला हे सगळं फोनवर ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पंचवीस डॉलर म्हणजे किती रे रुपये?" मी आकडा सांगितला. "बापरे!" म्हणाला. मग थोडं थांबून, "पण सवाईच्या तिकिटाला मी कुठे हिशोब करतो म्हणा."

पुढच्या बुधवारी पियानो, बास, ड्रम. तिघांचीही नावं दारावर आहेत.