आपणही रहिवासीच आहोत

2020 च्या सप्टेंबरमधली शारजाची गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. कादिसिया भागातल्या एका स्थानिक बाईंनी रेडिओवरच्या 'डायरेक्ट लाइन' कार्यक्रमात फोन केला. आमच्या कुटुंबांच्या वस्तीत एकट्या पुरुषांची घरं फार झाली, त्रास होतो, अशी त्यांची तक्रार होती. शारजाचे शासक शेख डॉ. सुलतान बिन मोहम्मद अल कासिमी यांनी आदेश दिला आणि पालिकेची पथकं व्हिला तपासत फिरू लागली. तिथून हजारो कामगारांना बाहेर काढलं गेलं. आधी कोरोनाचं वर्ष, त्यात गादी-पेटी उचलून नवी जागा शोधायची.

त्या बाईंची तक्रार खोटी होती, असं मी म्हणणार नाही. तीन बेडरूमच्या घरात प्लायवूडचे पार्टिशन टाकून तीसेक माणसं राहिली की गटार तुंबतं, कचऱ्याचा डबा भरून वाहतो, गल्लीत गाड्यांना जागा उरत नाही. आपल्या गावात शेजारच्या घरात एवढी माणसं आली असती तर आपणही सरपंचाकडे गेलो असतो. प्रश्न वेगळाच आहे. तीस माणसं तिथे हौसेनं राहायला गेली होती का? भाडं कोण घेत होतं? पार्टिशन कोणी टाकलं? काही ठिकाणी तर कंपनीनंच माणसं आणून ठेवलेली असतात. पण बाहेर पडायची वेळ आली की पेटी उचलतो तो कामगार.

आणि आपल्याला नाव काय, तर 'बॅचलर'. साताऱ्यात बायको आहे, दोन पोरं शाळेत जातात, दर महिन्याला पैसे जातात, तरी इथे आपण बॅचलर. फॅमिली व्हिसाला पगार पुरत नाही म्हणून एकटे राहतो, एवढाच त्याचा अर्थ. या एका शब्दामुळे आपणही रहिवासी आहोत हे इतरांच्या लक्षात येत नाही. वाईट म्हणजे, आपल्याही लक्षात राहत नाही.

मुंबईत काय झालं ते बघा. 2016 च्या जानेवारीत महापालिकेनं बागा आणि मैदानं खासगी संस्थांना सांभाळायला देण्याचं धोरण मंजूर केलं. रहिवासी संघटनांनी ओरड केली, विरोधी पक्ष उभे राहिले, आणि त्याच महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना धोरण थांबवावं लागलं. तिथे रहिवाशाच्या हातात मत आहे. नगरसेवकाला पाच वर्षांनी पुन्हा दारात यायचं असतं.

इथे आपल्याला मत नाही. युनियन नाही. मोर्चा, घेराव, काम बंद, यातलं काहीही कायद्यात बसत नाही. कोणी 'चला, सगळे मिळून ऑफिसला जाऊ' म्हणालं तर त्याच्या मागे जाऊ नका. व्हिसा जाईल, तुरुंगही होईल. पण म्हणून तोंड शिवून बसायचं असं नाही. शारजाचा निर्णय एका फोनवर हलला होता, हे विसरू नका. इथे तक्रार ऐकली जाते. फक्त ती योग्य जागी, योग्य भाषेत आणि मापासकट गेली पाहिजे.

मी साइटवर सुपरवायझर आहे, म्हणून मापाचंच बोलतो. कामगारांच्या राहण्याबद्दल 2009 चा मंत्रिमंडळाचा ठराव क्रमांक 13 आहे. त्यानुसार माणशी किमान 3 चौरस मीटर जागा हवी, म्हणजे साधारण 32 चौरस फूट. टेप घ्या आणि खोली मोजा. 10 बाय 12 ची खोली म्हणजे 120 चौरस फूट, तीन माणसांची. तिथे आठ बंक टाकले असतील तर ती तक्रार आहे. 'खूप गर्दी आहे साहेब' असं म्हणालात तर कोणी लिहून घेणार नाही. '120 चौरस फुटांत आठ जण' असं सांगा, मग साहेबाला लिहावंच लागतं.

दुसरं, 2022 चा मंत्रालयाचा ठराव क्रमांक 44. ज्या कंपनीत 50 किंवा जास्त कामगार आहेत, तिथे 1,500 दिरहमपेक्षा कमी पगार असलेल्यांना राहायची जागा देणं कंपनीवर बंधनकारक आहे. म्हणजे उद्या पालिकेनं व्हिला रिकामा केला, तर तुम्ही या नियमात बसत असाल तर नवी खोली शोधणं हे कंपनीचं काम आहे, तुमचं नाही.

फोन नंबर लिहून घ्या. कामगार मंत्रालय 600590000. दुबई पालिका 800900. शारजा पालिका 993. भारतीय दूतावासाचं प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्र 80046342. तक्रार केली की तिचा नंबर मागून घ्या आणि जपून ठेवा. फोटो काढलात तर खोलीचा आणि बाथरूमचा काढा, दुसऱ्याचा चेहरा त्यात नको. व्हिडिओ फेसबुकवर टाकू नका, त्यातून उलटी केस होते.

आणि फक्त खोलीपुरतं बोलू नका. माणसं सजाला किंवा सोनापूरला हलवली की बसथांबा किती लांब, उन्हात उभं राहायला शेड आहे का, शुक्रवारी पोरांना चेंडू मारायला जागा आहे का, हेही प्रश्न पालिकेचेच आहेत. मोकळ्या प्लॉटवर क्रिकेट खेळलो की हाकलतात. ठीक आहे, पण मग कुठे खेळायचं, हे विचारणं गुन्हा नाही.

आपण जिथे राहतो तिथे जिना स्वच्छ ठेवू, रात्री गॅलरीत मोठ्यानं फोन करणार नाही, कपडे रस्त्याच्या बाजूला वाळत घालणार नाही. शेजाऱ्याला आपला त्रास नको. मात्र कोणी विचारलं तर 'मी बॅचलर' म्हणू नका. मी या वस्तीत राहतो, असं सांगा. या शहराच्या भिंती आपण उभ्या केल्यात. त्यातल्या एका खोलीत माणसासारखं राहायला मिळावं, एवढंच मागायचं आहे, आणि ते कायद्यातच लिहिलेलं आहे.

या शुक्रवारी आधी टेप काढा.