उपजीविका आणि लेखणी

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आम्हांला पालकांचे फोन येतात. ‘‘जय भीम, सर. मुलगी इतिहासात हुशार आहे, वाचतेही पुष्कळ. बी.ए.ला घालू का? पुढे प्राध्यापक होईल ना?’’ याच शाळेच्या वसतिगृहात वाढून पुढे इतिहास, मराठी, समाजशास्त्र शिकवू लागलेले आम्ही काही माजी विद्यार्थी या प्रश्नापुढे अडखळतो. स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे प्रामाणिक उत्तर द्यावे, असे वाटते.

प्रथम वस्तुस्थिती. पदव्युत्तर पदवी, नेट किंवा सेट, त्यापुढे पीएच.डी. एवढे होईपर्यंत तिशी उलटते. त्यानंतर वाट्याला येते ती बहुधा तासिका तत्त्वावरील नेमणूक. जितके तास शिकवावे तितकेच मानधन. सुट्टीचे दिवस बिनपगारी. नव्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. आमच्यापैकी कोणी दोन महाविद्यालयांत तास घेऊन संध्याकाळी शिकवणी चालवतो, तर कोणी अनुवाद आणि मुद्रितशोधन करून घरभाडे भागवते.

अशा स्थितीत वृत्तपत्रांतून, नियतकालिकांतून लिहावे की लिहू नये? आम्हांला दोन प्रकारचे सल्ले मिळत आले. एक : आधी नोकरीत कायम व्हा, मग लिहा. दुसरा : लिहीत राहा, नाव झाले की नोकरी आपोआप मिळेल. अनुभवाने सांगतो, दोन्ही सल्ले फसवे आहेत. कायम होण्याची वाट पाहता पाहता लिहिण्याची उमेदीची वर्षे सरतात. आणि निवड समितीपुढे मोजले जातात ते शोधनिबंध. वृत्तपत्रातील लेखाला तेथे फारसे मोल नसते. उलट आमच्यातील एका मित्राला, एक परखड लेख छापून आल्यानंतरच्या वर्षी तास मिळाले नाहीत. कारण कोणी सांगितले नाही. त्यानेही विचारले नाही.

ही कोंडी नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा ते सरकारी नोकरीत होते. म्हणून संपादक म्हणून नाव लागले ते पांडुरंग नंदराम भटकर यांचे. पुढे मार्चमध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी ते लंडनला गेले. परतल्यावर वकिली सुरू केली. ती लगेच चालली नाही. १९२५ पासून ते बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत व्यापारी कायद्याचे अर्धवेळ अध्यापन करीत होते; आणि त्याच काळात, ३ एप्रिल १९२७ रोजी, त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले. त्या महामानवाशी आमची तुलना करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण त्यांनी लेखणीला पोटासाठी राबविले नाही आणि पोटाची सोय लागेपर्यंत तिला थांबवूनही ठेवले नाही, एवढे त्यांच्या जीवनक्रमातून शिकता येते.

या शाळेत सकाळच्या वंदनेनंतर आम्ही अष्टांगिक मार्ग शिकलो. त्यात सम्यक वाचा आहे, तशी सम्यक आजीविकाही आहे. एकीसाठी दुसरी सोडा, असे तेथे कोठेही सांगितलेले नाही.

म्हणून पालकांना आमचे उत्तर असे : मुलीची ओढ असेल तर तिला जरूर बी.ए.ला घाला; मात्र प्राध्यापकीच्या भरवशावर घालू नका. पदवीबरोबर पोट भरणारे एखादे कौशल्य तिला शिकू द्या. बी.एड., ग्रंथालयशास्त्र, कायदा, अनुवाद, काहीही चालेल. नोकरीची वाट किती वर्षे पाहायची, हे आधीच घरात बसून ठरवा. मुदत संपल्यावर तिने दुसरा मार्ग धरला तर ‘शिक्षण वाया गेले’ असे म्हणू नका. आणि तिचे लिहिणे पहिल्या वर्षापासून सुरू राहू द्या. आमची माणसे, आमच्या वस्त्या, आमचा इतिहास यांविषयी आम्ही लिहिले नाही, तर दुसरे लिहितील ते आम्हांला मुकाट्याने वाचावे लागेल.

समाजबांधवांनाही एक नम्र विनंती. चौदा एप्रिलला, धम्मचक्र प्रवर्तनदिनी आपण आम्हांला व्याख्यानाला बोलावता, शाल घालता. त्या प्रेमाने आम्ही भारावतो. परंतु मंडपवाल्याला, ध्वनिक्षेपकवाल्याला जे पैसे न मागता मिळतात, ते वक्त्याने मागितले तर चळवळ विकली असे म्हटले जाते. तासिकेवर जगणाऱ्या माणसाला त्या दिवशीचा तासही बुडालेला असतो. प्रवासखर्च आणि थोडे मानधन द्या, पुस्तके विकत घ्या, आपल्या नियतकालिकांची वर्गणी भरा. समाज ज्याला पोसतो, तो लेखक दबत नाही.

या शाळेने आम्हांला दोन वेळचे जेवण दिले आणि हाती पाटीही दिली. दोन्ही एकाच छताखाली मिळाले, म्हणून आम्ही टिकलो. पुढच्या पिढीलाही ते एकत्रच मिळावे, एवढीच इच्छा.

जय भीम! नमो बुद्धाय!