विश्लेषण : सर्व्हरसाठी जादा पैसे मोजायचे, ते नेमके कशासाठी?

गाळप हंगामात माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या कारखान्यासमोर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग बारामती-इंदापूरकरांना नवी नाही. वजनकाट्यावर झालेली नोंद पुढे शेतकऱ्याच्या बिलापर्यंत जाते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार हे पैसे १४ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाल्यास १५ टक्के व्याज. त्यामुळे या नोंदी सांभाळणारा सर्व्हर किती किमतीचा असावा, हा प्रश्न एकट्या संगणक विभागाचा राहत नाही.

पैसे वेगाचे नव्हेत

हिशेबाच्या कामाला चांगला डेस्कटॉपही वेगात कमी पडत नाही. सर्व्हरचे मोल वेगळ्या गोष्टींत असते. त्यात दोन पॉवर सप्लाय असतात, एक जळाला तरी काम चालू राहते. यंत्र बंद न करता डिस्क बदलता येते. शिवाय ईसीसी मेमरी असते. साठवलेल्या आकड्यातला एखादा बिट उलटला, तर ती तो ओळखून दुरुस्त करते. ही भीती पुस्तकी नाही. गुगलच्या सर्व्हरवर झालेल्या २००९ च्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक मेमरी मॉड्यूलमध्ये अशा चुका आढळल्या होत्या. बायनरीत १६ आणि २४ यांत एकाच बिटाचा फरक असतो. काट्यावर हे टन असतील तर काय होईल, हे सांगायला नको. ईसीसीसाठी पैसे मोजावेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

महागड्या डिस्कबद्दल मात्र आहे. बॅकब्लेझ या अमेरिकी कंपनीने २०१३ मध्ये स्वतःकडच्या डिस्कची आकडेवारी मांडली, तेव्हा ‘एंटरप्राइज’ डिस्क साध्या डिस्कपेक्षा कमी बिघडतात असे दिसले नाही.

पिन कोड विचारलात का?

कोटेशनमध्ये ‘चार तासांत सेवा’ अशी एक ओळ असते आणि तिची किंमत चांगलीच असते. पुण्याहून बारामती सुमारे १०० किलोमीटर, इंदापूर त्याहून लांब. अशी सेवा ठिकाणानुसार मिळते, आणि चार तासांत ‘प्रतिसाद’ म्हणजे चार तासांत दुरुस्ती नव्हे. ४१३१०६ या पिन कोडवर ती लागू आहे का, सुटा भाग कुठल्या गोदामातून येणार, हे लेखी घ्यावे. उत्तर गुळमुळीत आले, तर त्याच पैशात दुसरा मध्यम सर्व्हर घेऊन शेजारी तयार ठेवलेला बरा.

गावातल्या विकास सोसायटीला तर बहुधा सर्व्हरच नको. केंद्राने जून २०२२ मध्ये ६३ हजार प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. तिचे सॉफ्टवेअर सामाईक आहे आणि माहिती क्लाउडवर राहते. सोसायटीला लागतो तो साधा संगणक, इंटरनेट आणि दमदार यूपीएस.

आणि महाग यंत्र म्हणजे सुरक्षित यंत्र, हाही समज सोडायला हवा. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, ते मालवेअरमुळे. तिथे दुसरा पॉवर सप्लाय काय करणार?

म्हणून खरेदीच्या आधी संचालकांनी एकच विचारावे : बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवून शेवटचा कधी पाहिला? हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. सप्टेंबरात काटा रिकामाच असतो. ही चाचणी तेव्हा एका दुपारी उरकता येते.