'बाकी सगळं किलो' आणि विंझरची पायली

परवा शनिवारी विंझरला गेलो होतो. मामाकडे. सातारा रोड, खेड शिवापूरचा टोलनाका, नसरापूरच्या चेलाडी फाट्याला उजवीकडे, मग मार्गासनी आणि पुढे विंझर. पुण्यातली अर्धी आयटी जनता याच रस्त्यानं राजगड-तोरण्याला जाते. मी मात्र शिव्या खायला गेलो होतो. आणि खाल्ल्या. रास्त होत्या.

झालं असं. मामाकडचा आणि वाडीतल्या चार-सहा घरांचा इंद्रायणी तांदूळ आमच्या सोसायटीत आणि आजूबाजूच्या दोन-तीन सोसायट्यांत विकायचा उद्योग मी आणि मामेभावानं सुरू केलाय. हिशेबाला एक्सेल पुरलं असतं, पण आपण पडलो इंजिनियर. मी रस्टमध्ये प्रोग्रॅम लिहिला. (हो, तांदळाच्या हिशेबाला रस्ट. हसून घ्या.) कोणी किती माल दिला हे मामेभाऊ फोनवरून भरणार, रविवारी रात्री मी पुण्यात बसून यादी काढणार आणि यूपीआयनं पैसे पाठवणार. एकदम झकास!

मापांसाठी एनम होता: किलो, क्विंटल, पोतं. आणि वजन काढणारा मॅच साधारण असा. कीवर्डही देवनागरीत लिहितोय, कंपायलर रागावेल, पण तुम्ही समजून घ्या:

जुळव माप {
    क्विंटल => संख्या × १००,
    पोतं => संख्या × ५०,
    _ => संख्या,
}

शेवटची ओळ बघा. तो अंडरस्कोर म्हणजे 'बाकी सगळं'. मी लिहिताना मनात म्हटलं, उरलंच काय? किलोच. मग कशाला टाइप करा!

दोन महिन्यांनी मामेभावानं एनममध्ये आणि फॉर्मवर 'पायली' वाढवली, कारण वाडीतल्या म्हाताऱ्या बायका अजून पायलीनंच मोजतात. प्रोग्रॅम कंपाइल झाला. एकही एरर नाही, वॉर्निंगसुद्धा नाही. शेजारच्या आजींनी १२ पायली तांदूळ दिला आणि मी त्यांना १२ किलोचे पैसे पाठवले.

एक पायली म्हणजे चार शेर. किलोच्या कितीतरी पुढे. म्हणजे मी त्या आजींना सरळ सरळ लुबाडलं होतं. तेही मेमरी सेफ भाषेत!

पैसे अर्थातच लगेच चुकते केले. पण ओसरीवर बसून आजी जे बोलल्या ते डोक्यातून जाईना. "भाचेबुवा, तुमच्या मशीनला पायली ठावं नव्हती, तर इचारायचं की. ठावं नसताना आकडा कशापायी लिवला?"

लोकहो, माहीत नसताना आकडा लिहिणं म्हणजेच ती अंडरस्कोरची ओळ. अख्ख्या कॉम्प्युटर सायन्सनं जे सांगायला काही दशकं घेतली ते आजींनी चहाच्या एका घोटात सांगितलं. म्हणूनच आजचा लेख. आपल्याच एनमवर 'बाकी सगळं' लिहिणं हा आळस आहे, आणि त्या आळसाचं बिल नेहमी दुसरंच कोणीतरी भरतं.

आता जरा मागे जाऊ. पॅटर्न मॅचिंग ही काही रस्टवाल्यांची कल्पना नाही. १९७०-८० च्या काळात एडिंबरामध्ये एमएल आणि होप या भाषांभोवती ती वाढली. रस्टचा पहिला कंपायलर तर ओकॅमलमध्ये, म्हणजे एमएलच्याच घराण्यातल्या भाषेत लिहिलेला होता. मे २०१५ मध्ये रस्ट १.० आली आणि हा संस्कार सिस्टिम्सच्या दुनियेत ठामपणे आला. संस्कार असा: मॅच लिहायचा तर सगळ्या शक्यता झाकायच्या. एक जरी राहिली तरी ई०००४ नंबरची एरर, आणि कोणती राहिली तिचं नाव घेऊन. ल्युक मारांजे यांचा २००७ चा एक पेपर आहे, रस्टमधली ही तपासणी त्याच धाटणीच्या पद्धतीनं चालते.

सी मध्ये असं काही नाही का? आहे की. जीसीसीला वॉल फ्लॅग दिला तर एनमवरच्या स्विचमध्ये राहून गेलेल्या केसबद्दल तो कुरकुरतो. पण तुम्ही 'डीफॉल्ट' लिहिलं की गप्प. पायथननं २०२१ मध्ये ३.१० मध्ये मॅच आणला, पण तिथे काहीच जुळलं नाही तर गाडी मुकाट पुढे जाते. जावानं २०२३ मध्ये, २१ व्या आवृत्तीत पॅटर्नवाला स्विच पक्का केला आणि तिथे शक्यता संपवाव्या लागतात. म्हणजे जग हळूहळू याच बाजूला येतंय. आणि आपण? जिथे हे फुकटात मिळालंय तिथे एक अंडरस्कोर टाकून ते बंद करतो. हेल्मेट हँडलला अडकवून गाडी चालवणारे आपण पुणेकर, आणखी काय होणार ;-)

आता नेहमीचे आक्षेप.

एक: "टेस्ट लिहा ना, टेस्ट पकडतील." माझ्याकडे टेस्ट होत्या हो. किलोची, क्विंटलची, पोत्याची. पायलीची कशी असेल? पायली सुचली असती तर मॅचमध्येच नसती का लिहिली? जे सुचलं नाही त्याची टेस्ट कोणी लिहीत नाही. कंपायलरला सुचावं लागत नाही, तो फक्त मोजतो.

दोन: "अंडरस्कोर नसेल तर एक व्हेरिएंट वाढवला की चाळीस फायली तुटतात." अहो, त्या तुटाव्यात म्हणूनच तर हा खटाटोप! त्या चाळीस ठिकाणी तुम्हाला निर्णय घ्यायचा आहे आणि कंपायलर त्याची यादी फुकट देतोय. मी परवा मामाच्या ओसरीवर अंडरस्कोर काढून 'किलो' लिहिलं, आणि दोन सेकंदांत एरर आली की पायली झाकलेली नाही. मग हट्टानं सगळ्या प्रोग्रॅममधले अंडरस्कोर काढले. आणखी तीन जागा निघाल्या. त्यातली एक वाहतूक खर्चाची होती, तिच्याबद्दल तर अजून कोणी तक्रारही केली नव्हती.

तीन: "आमच्या डोमेनमध्ये व्हेरिएंट बदलतच नाहीत." बरं. महाराष्ट्रात जिल्हे किती? शाळेत ३५ पाठ केले असतील तर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा होऊन ३६ झाले. त्या दिवशी ज्यांच्या कोडमध्ये 'बाकी सगळे जिल्हे' अशी ओळ होती, त्यांचा पालघर मुकाट तिथे जाऊन बसला असणार. आणि हे जिथे बसून लिहितोय तेच बघा. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला मंत्रिमंडळानं मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली. एनम असेल तर नाव एका जागी बदलायचं, बाकी कंपायलर बघून घेतो. पण कोडभर 'वेल्हे' अशी स्ट्रिंग विखुरलेली असेल, तर नवं नाव आलं की ते थेट 'इतर'मध्ये. जिल्हे, तालुके बदलतात, आणि तुमचं पेमेंट स्टेटस बदलणार नाही होय?

तांदळाचं जाऊ द्या, सातबारा घ्या. भोगवटादार वर्ग १ ची जमीन मालक साधारणपणे विकू शकतो, वर्ग २ ची विकायला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्याशिवाय शासकीय पट्टेदार हा वेगळाच प्रकार. आता एखाद्या कर्जाच्या किंवा खरेदी-विक्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी वर्ग २ ची एक ओळ लिहिली आणि खाली 'बाकी सगळं विकता येतं' असा अंडरस्कोर मारला, तर? तो एक कॅरेक्टर कोणाच्या तरी जमिनीवर उभा आहे. असे प्रोग्रॅम आपल्यातलेच कोणीतरी शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता लिहीत असतात.

रस्टभक्तांनीही लगेच कॉलर ताठ करू नये. १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअर बसलं आणि निम्मं इंटरनेट आडवं झाल्यासारखं वाटलं, आठवतंय? त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालात रस्टमधली एक 'अनरॅप'ची ओळ आहे. चूक आलीच तर काय करायचं, हे भाषेनं विचारलं होतं. लिहिणाऱ्यानं उत्तर दिलं, 'येणार नाही'. अनरॅप हा अंडरस्कोरचा चुलतभाऊच. फरक इतकाच की अनरॅप बोंब मारून मरतो आणि अंडरस्कोर गप्प बसून चुकीचा हिशेब देत राहतो. मला विचाराल तर बोंब परवडली. माझा प्रोग्रॅम त्या रविवारी बंद पडला असता तर आजींचे पैसे एक दिवस उशिरा गेले असते, इतकंच.

मग अंडरस्कोर कधीच नको? तसं नाही. मजकूर, मोठे आकडे, युजरनं भरलेलं काहीबाही, इथे सगळ्या शक्यता लिहून संपणारच नाहीत. दुसऱ्याच्या लायब्ररीतला एनम 'नॉन एक्झॉस्टिव्ह' असेल (ही सोय डिसेंबर २०१९ मध्ये १.४० बरोबर आली) तर भाषाच तुम्हाला 'बाकी' लिहायला लावते. लिहा. पण त्या ओळीत उत्तराचा अंदाज ठोकू नका, एरर परत करा. 'माहीत नाही' हे उत्तर आहे. 'किलो' हे नाही. आणि स्वतःच्या एनमवर अंडरस्कोर दिसला की ओरडणारा नियम क्लिपीमध्ये आहे, 'वाइल्डकार्ड एनम मॅच आर्म' नावाचा. तो आपणहून चालू नसतो, चालू करावा लागतो. पाच मिनिटांचं काम आहे. सोमवारी करा.

माझ्या प्रोग्रॅमचं काय झालं? पायलीची ओळ लिहायला बसलो आणि अडलो. पायली हे आकारमान, किलो हे वजन. धान्याप्रमाणे, तांदूळ जुना की नवा यावरही वजन बदलणार. एक ठरावीक आकडा टाकला असता तर ती पुन्हा लबाडीच. म्हणून आता पायलीच्या पोटात वजन ठेवलंय, असलं तर असलं:

    पायली(आहे(वजन)) => वजन,
    पायली(नाही) => चूक("आधी तोला"),

मामेभावानं काट्यावर तोलून वजन भरलं तर हिशेब, नाही तर यादीच निघत नाही. मशीन विचारतं.

निघताना आजींना हे सांगितलं. म्हटलं, आता ठाऊक नसलं की ते गप्प बसतं आणि आधी तोलायला लावतं. आजी म्हणाल्या, "मग आता शानं झालं म्हणायचं." आणि पिशवीत तांदूळ घातला. किती, ते विचारलं नाही. पायलीभर असावा.