पाटी कुठे होती?

परवा माझी भाची घरी आली ती तोंड पाडूनच. “मावशी, पाचशे रुपये गेले बघ,” म्हणाली. संध्याकाळी मोबाइलवर मेसेज आला होता. पुण्यातल्या पेठेतल्या एका रस्त्यावर तिने स्कूटर लावली, तिथे म्हणे ‘नो पार्किंग’ होतं. भाची एका दवाखान्यात स्वागतकक्षात काम करते. महिन्याचा पगार मोजका, त्यामुळे पाचशे रुपये तिला हातावेगळे करण्यासारखे नव्हते.

मी विचारलं, “पाटी बघितली नव्हतीस का?” तर ती उसळून म्हणाली, “बघितली म्हणूनच तर लावली!”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिथे गेलो. खांबावर ‘पी-१’ची पाटी होती. पुण्यात ‘पी-१’ म्हणजे रस्त्याच्या त्या बाजूला विषम तारखेला गाडी लावायची, ‘पी-२’ म्हणजे सम तारखेला. तिने गाडी लावली त्या दिवशी १७ तारीख होती, म्हणजे तिचं बरोबरच होतं. मग नो पार्किंग आलं कुठून? पंधरा-वीस पावलं पुढे दुसऱ्या खांबावर ती गोल पाटी होती खरी, पण तिच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा भलामोठा फ्लेक्स लटकत होता. खालून वाकून पाहिलं तेव्हा लाल कडेचा एक तुकडा दिसला.

चलनासोबतचा फोटो पुन्हा उघडून पाहिला. त्यात स्कूटर आणि तिचा नंबर स्वच्छ दिसत होता. पाटी मात्र कुठेच नव्हती.

मैत्रिणींनो, प्रश्न एका स्कूटरचा नाही. नियम मोडला तर दंड भरलाच पाहिजे. मी स्वतः एकदा मंडईत घाईघाईत गाडी आडवी लावली होती आणि निमूटपणे पैसे भरले होते. आपल्या एका गाडीमुळे रुग्णवाहिका अडते, म्हाताऱ्या माणसाला फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरावं लागतं. पण नियम पाळायचा तर तो आधी दिसायला नको का?

कायदाही तेच सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या कलम ११६ मध्ये रस्त्यावर वाहतुकीची चिन्हं लावण्याचा अधिकार दिला आहे आणि चिन्ह झाकणारा फलक किंवा जाहिरात हटवण्याची तरतूदही आहे. कलम ११९ नुसार चालकाने ही चिन्हं पाळायची. कलम ११७ प्रमाणे पार्किंगच्या जागा ठरवताना स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करायची असते. म्हणजे पाटी लावणं, ती स्वच्छ दिसेल अशी ठेवणं ही सरकारी यंत्रणेची जबाबदारी आणि ती पाळणं ही आपली. यातली पहिली जबाबदारी विसरायची आणि दुसरीचा दंड वसूल करायचा, याला काय म्हणावं?

दंडाची रक्कमही आता थोडीथोडकी राहिलेली नाही. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्रात वाढीव दंड डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. पूर्वी नो पार्किंगला २०० रुपये होते, ते पहिल्या वेळी ५०० आणि पुन्हा चूक केली तर १,५०० झाले. गाडी उचलून नेली तर तो खर्च वेगळा. दंड एवढा वाढवला, तर पाट्याही तेवढ्याच नीट करायला हव्या होत्या.

सम-विषमचीच गंमत बघा. ३१ तारीख विषम आणि दुसऱ्या दिवशीची १ तारीखही विषम. वर्षातून सात वेळा असं होतं. काल या बाजूला होती म्हणून आज पलीकडे लावली, की झाली चूक. रात्री बाराला तारीख बदलते, मग रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं काय? परगावाहून मुलीच्या अॅडमिशनला किंवा आजाऱ्याला भेटायला आलेल्या बाईला ‘पी-१’ या दोन अक्षरांवरून हे सगळं कसं कळावं? पाटीवर साध्या मराठीत ‘विषम तारखेस येथे गाडी लावावी’ एवढं लिहायला किती रंग लागतो?

आम्ही तक्रार करायचं ठरवलं. स्कूटर उभी होती तिथून काढलेला फोटो, फ्लेक्सचा फोटो, ‘पी-१’च्या पाटीचा फोटो आणि एका पानाचा अर्ज. दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला “मॅडम, पाचशे रुपयांसाठी कशाला एवढा त्रास?” असं ऐकून घ्यावं लागलं. भाची शांतपणे म्हणाली, “पाचशे रुपये कमवायला मला किती तास उभं राहावं लागतं, माहीत आहे का?” त्यावर समोरचे गृहस्थ गप्प झाले. काही आठवड्यांनी चलन रद्द झालं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर घाबरून लगेच पैसे भरू नका आणि दुर्लक्षही करू नका. त्याच दिवशी, त्याच जागेवरून फोटो काढा. चलन सरकारी ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून स्वतः तपासा. चलनाच्या नावाने व्हॉट्सअॅपवर आलेली फाइल किंवा लिंक मुळीच उघडू नका, त्यात फसवणूक होते आणि बँकेतले पैसे जातात. चलन खरं निघालं, पण चूक तुमची नसेल, तर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. प्रकरण कोर्टात गेलं तर तिथे आपली बाजू मांडता येते. लोकअदालतीत मात्र तडजोड होते आणि तिच्या निकालावर अपील नसतं. म्हणून ‘माझी चूकच नाही’ असं म्हणायचं असेल, तर तिथे जाण्याआधी विचार करा.

आणि हो, हे पुण्याचं दुखणं म्हणून सोडून देऊ नका. सम-विषम पार्किंग आता लहान गावांच्या बाजारपेठांतही येतं आहे. पुण्यात पार्किंगचे नवे आदेश काढताना अनेकदा नागरिकांकडून हरकती व सूचना मागवतात. तुमच्या गावात असं काही निघालं, तर बचत गटाच्या बैठकीत तो कागद वाचा. पाट्या मराठीत हव्यात, दुकानाच्या छपराआड नकोत, एवढं तरी लिहून द्या. दळण, भाजी, मुलांची शाळा यासाठी या रस्त्यांवरून रोज आपणच जातो. पाटी कुठे दिसते आणि कुठे दिसत नाही, हे आपल्याइतकं कुणाला माहीत असणार?

चलन रद्द झाल्यावर आम्ही पेढे घेऊन घरी आलो. वाटेत मुद्दाम त्या रस्त्याने गेलो. जुना फ्लेक्स उतरला होता. त्या जागी नवा लागला होता, दुसऱ्या कुणाच्या तरी वाढदिवसाचा. खाली एक बाई पर्स सावरत स्कूटर उभी करत होती. भाचीने लगबगीने जाऊन तिला सांगितलं, “ताई, इथे लावू नका. वर पाटी आहे, दिसत नाही एवढंच!”

आता पुढचा अर्ज त्या फ्लेक्सचा. तो मी स्वतः लिहिणार आहे.